अर्धा हॉर्न

रूनेनं ती फोटोवरून पसंत केली.
नऊ फोटो, त्यातले चार नुसत्या चाकांचे,
एकात मागे मक्याचं शेत, एक कुत्रं,
आणि फोटो काढणारीची लांबलचक सावली.
मी म्हटलं, अरे, चपलासुद्धा आपण पायात घालून बघतो.
तो म्हणाला, बार्ब्रू, एकोणसाठची ओल्ड्समोबाइल आहे.
जणू हे उत्तर होतं.

विकणारी नेब्रास्कातली, व्हर्लीन नावाची, वय सत्त्याऐंशी.
घासाघीस नाही. किंमत सांगितली
आणि वर एक अट:
गाडी पोचली की फोन करा,
फोनवर हॉर्न वाजवून दाखवा.
बाकी कागदांचं मुलगा बघेल.

मग सुरू झालं ते.
मालकीच्या कागदावर एक सही राहिलेली,
ती येईतो ह्यूस्टनच्या धक्क्यावर रोजचं भाडं,
दलालाचाही दलाल, डॉलर वर, क्रोना खाली,
आणि रात्री दोन वाजता नकाशावर
मुंगीएवढं जहाज बघत बसलेला माझा नवरा.
लग्न ठरल्यावरसुद्धा इतका जागला नव्हता.
बोलले नाही. कॉफी ठेवली फक्त.

लुडविकाहून गोथेनबर्ग, पाच तास, मागे रिकामा ट्रेलर खडखडत.
कंटेनरचं दार उघडलं आणि आधी वास आला
तापलेल्या रेक्झिनचा, उंदरांचा,
आमच्याकडे कधीच न येणाऱ्या एका उन्हाळ्याचा.
कस्टमवाल्या मुलीनं एका टोकाला तपासायला सुरुवात केली,
दुसऱ्या टोकाला पोचेतो तिची जेवणाची सुट्टी झाली.
सीटखाली निघाले गव्हाचे दाणे, केसांची पिन,
दाढीच्या ब्लेडची न फोडलेली पुडी.
रूनेनं सगळं बिस्किटांच्या डब्यात ठेवलं.

खालचा पत्रा मात्र वाटला त्यापेक्षा बरा.
म्हणजे माझं बोट आरपार गेलं, पण एकाच जागी.
हिवाळाभर तो तिच्याखाली उताणा,
मी बुटांशी बोलायचे.
हिला हॉर्न दोन असतात, बुटांनी मला समजावलं,
एक जाड, एक बारीक, मिळून एक सूर.
बारीक मेलेला होता. मिशिगनहून दुसरा मागवला.
तेवढ्यात स्वयंपाकघराची तडकलेली काच बदलून झाली असती.

एप्रिलात, अंगणातला बर्फ निम्मा काळा असताना, फोन लावला.
इथे रात्रीचे आठ, तिकडे दुपार.
मी फोन बॉनेटपाशी धरला, रूनेनं दाबला.
खणखणीत. अख्खी आळी भरून.
शेजारच्या हाल्वारनं पडदा सरकवला.
तिकडे शांतता.
मग म्हातारी म्हणाली, अगदी सभ्यपणे,
छान आहे. पण ही आमची नाही.

रागात रूनेचं इंग्रजी आटतं.
त्यानं चॅसीचा नंबर वाचून दाखवला, आकडा आकडा सुटा करून.
असेल बाबा, ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ बोटात किल्ली फिरवत बसला.
मग उठला, टॉर्च दातात धरला
आणि एक वायर काढली.

आठवड्यानं पुन्हा.
आता एकच आवाज, जाडा, घसा बसलेला,
लांब कुणाच्या शेतात वळू डुरकावा तसा.
तिकडे काहीच नाही. रूने माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.
मग फोन बाजूला धरून, आमच्याशी नव्हे,
ती ओरडली:
अरे, फाटक उघडा कुणीतरी, आला तो!

कोण, ते आम्ही विचारलं नाही.

मे महिन्यात सरकारी तपासणी.
कानात डूल घातलेला पोरगा, गाडीभोवती दोनदा उगाच फिरला,
आणि शेऱ्यात लिहिलं:
हॉर्न चालतो, पण अर्धा. दुरुस्त करून घ्यावा.

तो कागदही बिस्किटांच्या डब्यात गेला.
बारीक हॉर्न, नवाकोरा, मिशिगनचा,
माझ्या खिडकीत आहे.
काचेच्या तड्याला टेकवून ठेवलाय,
वारा जरा कमी येतो.